श्रीवर्धनला जीप उंच केली

साताऱ्याहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "श्रीवर्धनला? म्हणजे हरिहरेश्वरचं दर्शन का?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसले असते तर निघायला उशीर झाला असता आणि त्यांना ते पटलंही नसतं. आम्ही आमची जुनी जीप उंच करून घ्यायला निघालो होतो.

उंच करणं म्हणजे जीपच्या खालचे कमानीसारखे पाटे बदलायचे, लांब शॉकॲब्सॉर्बर घालायचे आणि मोठे टायर चढवायचे. मग गाडीचं पोट जमिनीपासून वर उचललं जातं आणि खडकाळ वाटेवर घासत नाही. हे सगळं मी दिनकरांकडून शिकले. दिनकर माझे यजमान. पाटबंधारे खात्यात त्यांची नोकरी झाली, ती बरीचशी कालव्यांच्या काठाने जीप चालवण्यात. पुढे खात्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा त्यांतली एक त्यांनी घेतली आणि कित्येक रविवार घालवून ती पुन्हा उभी केली. तिला उंच करायचं त्यांच्या मनात तेव्हापासून होतं. पण आधी मुलीचं शिक्षण, मग घराचं काम, मग तिचं लग्न, असं ते मागे पडत गेलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा सुदैवाने शाबूत राहिली, पण डावा पाय आणि डावा हात कच्चा राहिला. काठी घेऊन हिंडतात. गाडी चालवणं संपलं. जीप अंगणात उभी राहून गंजू नये म्हणून मी ती चालवायला शिकले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शिकलेली पहिली नवी गोष्ट ती. घरी पडून असताना दिनकर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. त्यात त्यांना श्रीवर्धनचे इक्बालभाई सापडले. मस्कतच्या एका गॅरेजमध्ये वाळवंटात जाणाऱ्या गाड्या उंच करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं, आणि आता गावी परतून तेच काम करणारे. दिनकरांनी त्यांना फोन केला आणि दोघांची गट्टी जमली. आठवड्यातून दोन-तीनदा तरी फोन व्हायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. दिनकर मोठमोठ्याने हसायचे. त्या दिवसांत ते दुसऱ्या कुणाशी तसे हसत नसत.

म्हणून त्यांनी एक दिवस "जाऊ या" म्हटल्यावर मी कशाला, किती, काही विचारलं नाही.

गॅरेज

आंबेनळीचा घाट उतरून महाड, माणगाव, म्हसळा करत आम्ही दुपार कलताना श्रीवर्धनला पोचलो. घाटमाथ्यावर स्वेटर घालून बसलेलो आम्ही म्हसळ्याच्या पुढे घामाने चिंब झालो. शेवटच्या वळणांनंतर रस्ता दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमध्ये, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतींमध्ये शिरतो. गडग्यांपलीकडे सुपारीची उंच, सडपातळ झाडं दाटीने उभी. आमच्याकडे उसाच्या शेतातून जाताना आभाळ तरी मोकळं असतं. इथे ऊन वरूनच गाळून येतं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची मोठी शेड. इक्बालभाई बाहेरच उभे होते. उंच, पांढरी दाढी, ग्रीसने काळे झालेले हात मागे धरून. जीप थांबली तसे ते हसत उजव्या दाराशी आले आणि मला बघून थबकले.

"साहेब कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"इकडे आहे, इकडे," पलीकडून दिनकर म्हणाले. ते काठी शोधत होते. त्यांची उतरायची एक पद्धत आहे. आधी बसल्या बसल्या बाहेर वळायचं, मग दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, मग उठायचं. चढताना तेच उलटं. त्याला जरा वेळ लागतो. इक्बालभाई वळसा घालून आले आणि हे सगळं बघत उभे राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, दिनकरांनी त्यांना फोनवर काहीच सांगितलेलं नव्हतं.

आमच्याकडे असं झालं असतं तर पहिला प्रश्न आला असता, काय झालं, कधी झालं, कुठल्या डॉक्टरला दाखवलं. इक्बालभाईंनी फक्त पुढे होऊन दिनकरांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "सफर कशी झाली? घाटात पाटे वाजले का?"

"फार वाजले," दिनकर म्हणाले, आणि दोघं जीपखाली वाकून बघायला लागले. म्हणजे इक्बालभाई वाकले, दिनकर काठीवर रेलून विचारत राहिले.

किती उंच करायची, हे आम्ही घरून ठरवून निघालो होतो. दोन इंच. त्याहून जास्त केली तर गाडी वळणावर झुलते, मोठे टायर नियमातही बसत नाहीत, हे दिनकरांनीच मला समजावलं होतं. पण इक्बालभाईंनी दोन्ही प्रकारचं सामान मांडून ठेवलं होतं. नव्या पाट्यांनी दोन इंच मिळतात, ते म्हणाले. त्यावर मागे लोखंडी ठोकळे आणि पुढे पाट्याला धरणाऱ्या लांब पट्ट्या घातल्या की आणखी दोन. "साहेब, फोनवर तुम्ही वर टेकडीवरच्या सड्यावर चढवायची बोलत होता. त्याला चार पायजेत. दोन इंचात काय मजा न्हाय."

दिनकरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "चार करा," ते म्हणाले.

त्या दोघांच्या मधे पडायला मला जागाच दिसेना.

वाडीतला मुक्काम

आम्ही उतरलो होतो मंदाताईंकडे. सुपारीची वाडी, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. मंदाताई तिथल्याच शाळेत शिकवतात, त्यामुळे आमचं लगेच जमलं. अंगणभर सुपारी वाळत घातलेली होती, आणि त्यातून चालायला जेमतेम एक पाऊलवाट. दिनकरांची काठी सुपाऱ्यांवरून घसरेल म्हणून मंदाताईंनी न सांगता ती वाट खराट्याने रुंद केली. जेवायला वालाची उसळ, आमसुलाचं सार आणि मऊ भात. उसळीत गूळ होता. साताऱ्यात वालाच्या उसळीत गूळ घातला तर लोक ताट सरकवतील. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं आणि तिथेच अडकलं. पाटे चासीला धरणारे बोल्ट इतके गंजले होते की पाना लावला की पाना सरकायचा. त्यात कालव्यांचं पाणी, आमच्या अंगणातले पावसाळे, सगळंच होतं. इक्बालभाईंनी आधी डिझेल ओतून ठेवलं, मग हातोडा, मग शेवटी कटर घेतला. ठिणग्या उडायला लागल्या. दिनकर खुर्चीवर बसून सूचना करत होते. त्या बऱ्याचशा चुकीच्या होत्या, कारण एकदा त्यांच्या सांगण्यावरून उलट्या बाजूचा बोल्ट कापला गेला. इक्बालभाई डोक्याला हात लावून बसले, आणि मग दोघंही शाळेतल्या पोरांसारखे हसत सुटले.

दुपारचं जेवण शेडमागेच, इक्बालभाईंच्या घरी. त्यांच्या बेगम रुखसानाभाभींनी तांदळाच्या पातळ, पांढऱ्याशुभ्र रोट्या केल्या होत्या आणि सुरमईचं कालवण. दिनकरांना एका हाताने काटे काढता येत नाहीत. भाभींनी ते बघितलं असावं. त्यांनी आतून दुसरी वाटी आणली, तिच्यात माशाचे काटे काढलेले तुकडे होते. वाढताना त्या माझ्याशी आपल्या लेकीच्या बाळंतपणाबद्दल बोलत राहिल्या.

"मस्कतला किती वर्षं होता?" मी इक्बालभाईंना विचारलं.

"लई वर्षं. पोरं इथं मोठी झाली, मी तिथं गाड्या उचलत होतो." ते रोटीचा तुकडा बोटांत फिरवत म्हणाले. "शुक्रवारी मालक लोक त्या गाड्या घेऊन रेतीत जायचे. आम्हाला फोटो दाखवायचे. गाडी आमची, फोटो त्यांचा."

"तुम्ही कधी गेलातच नाही?"

"एकदा गेलो. अडकलेली गाडी ओढून आणायला."

उंच झालेली जीप

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. ब्रेकचे पाइप लांब घातले, स्टेअरिंगचा दांडा नीट केला, नवे मोठे टायर चढवले. इक्बालभाईंनी जॅक खाली घेतला आणि जीप आपल्या चाकांवर उभी राहिली.

खरं सांगते, मी जीपला इतकी वर्षं बघतेय, पण त्या क्षणी तिला बघून माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. ती आता वाट बघणाऱ्या घोड्यासारखी दिसत होती. दिनकर तिच्याभोवती हळूहळू एक फेरी मारून आले. मडगार्डवर हात ठेवला. टायरच्या खोल खाचांत बोट घालून बघितलं. मग डाव्या दाराशी गेले.

त्यांनी नेहमीप्रमाणे पाठ केली आणि बसायला मागे झुकले. सीट तिथे नव्हती. ती त्यांच्या कमरेच्याही वर होती. त्यांनी उजव्या हाताने काचेची कड धरली, उजवा पाय वर उचलला. पण मग सगळा भार डाव्या पायावर आला, आणि तो थरथरायला लागला. काठी खाली पडली. इक्बालभाई धावले, त्यांच्या काखेत हात घालायला गेले.

"हात लावू नका," दिनकर म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण इक्बालभाईंनी हात मागे घेतले. ते पाय खाली घेऊन काही वेळ दार धरून उभे राहिले. मी काठी उचलून त्यांच्या हातात दिली. आम्ही रिक्षाने परत गेलो. रिक्षात ते सहज बसले, आणि का कोण जाणे, ते बघून मला आणखी वाईट वाटलं.

जीप मीच नंतर मंदाताईंकडे घेऊन आले. ती इतकी उंच झालीय हे फाटकातून शिरताना माझ्या ध्यानातच आलं नाही. कपडे वाळत घालायची दोरी तिच्या टपाला अडकली आणि मंदाताईंची साडी, दोन उशांचे अभ्रे आणि परकर घेऊन मी दिमाखात अंगणात उभी राहिले. मंदाताई पोट धरून हसल्या. मीही हसले. दिनकर खोलीच्या दारात बसले होते, ते हसले नाहीत.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. ओहोटी लागली होती, लांबवर ओली वाळू चमकत होती. कट्ट्यावर बसल्यावर मी म्हटलं, "अहो, उद्या ते ठोकळे काढून टाकायला सांगू. दोन इंचांवर आणू."

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"गाडी जॅकवर होती तेव्हाच. दाराचा उंबरा बघितला आणि कळलं की मला चढता येणार नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"इक्बालला कसं सांगणार, नंदा? सबंध वर्षभर त्याच्याशी फोनवर मीच गाडी चालवत होतो."

आजारपणात मी त्यांचं सगळं केलं. औषधं दिली, व्यायाम करून घेतले, रात्री उठवलं. पण आठवड्यातला तेवढा थोडा वेळ, त्या फोनवर, ते आजारी नसायचे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. डावा, थंड असतो तो. एक घोडागाडी वाळूवरून पर्यटकांना फिरवत गेली.

"काढू ठोकळे," ते म्हणाले. "पण त्याआधी एकदा सड्यावर चढवून बघू."

"कोण चढवणार?"

"तू."

सडा

सडा म्हणजे समुद्रालगतच्या टेकडीवरचं जांभ्याचं सपाट पठार. वर जायला एक जुनी गाडीवाट आहे, पावसाने उखडलेली, मधेच जांभ्याची गुडघाभर उंच पायरी. मी तोपर्यंत डांबरी रस्ता सोडून गाडी चालवली नव्हती. सकाळी तिथे पोचून ती वाट बघितली तेव्हा मी आधी हँडब्रेक ओढला.

दिनकरांना इक्बालभाईंनी आपल्या छोट्या मोटारीतून आणलं होतं. गॅरेजमधली प्लास्टिकची खुर्ची वाटेच्या पायथ्याशी मांडली. "साहेब, मी चढवतो ना," ते म्हणाले. "भाभींना कशाला?"

"ती चढवेल," दिनकर म्हणाले. "तुम्ही शेजारी बसा."

मी पहिल्या गियरमध्ये निघाले. सुरुवातीला बरं वाटलं. टायर दगडांना कुरतडत वर जात होते, पोट कुठे घासत नव्हतं. पण गाडी इतकी डोलत होती की प्रत्येक हेलकाव्याला वाटायचं, आता कलंडतेय. पायरीशी पोचल्यावर मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं चढली, गाडी उसळली आणि इंजिन बंद पडलं. आम्ही हातभर मागे घसरलो.

"ब्रेक! ब्रेकवर राहा, भाभी!" इक्बालभाईंनी दाराची कड घट्ट धरली होती. मस्कतचा माणूस घाबरलेला बघून मला आणखी भीती वाटली.

खालून आवाज आला. "नंदा! लो गियर टाक! छोटा दांडा मागे ओढ!"

मी ब्रेक दाबून ठेवून सावकाश पण जोराच्या गियरचा तो छोटा दांडा ओढला. गाडी चालू केली.

"आता क्लच सोड हळू. आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. पूर्ण काढ!"

"काढला तर बंद पडेल!" मी ओरडले.

"नाही पडणार. तिला घाई करू नकोस. ती आपली आपण चढेल."

मी पाय काढला. ते करणं मला फार जड गेलं. इंजिन खोल आवाजात घुरघुरलं आणि गाडी, कुणी न ढकलता, म्हातारं माणूस जिना चढतं तशी, एकेक चाक वर घेत चढायला लागली. एका क्षणी आम्ही खूप तिरके झालो. इक्बालभाई पुटपुटले, "या अल्ला." मग पुढचं आभाळ खाली आलं आणि आम्ही सपाटीवर होतो.

वर पिवळं वाळलेलं गवत वाऱ्याने झोपलं होतं. तिन्ही बाजूंना समुद्र. दूर मासेमारीच्या होड्या. इक्बालभाई उतरले आणि हात कमरेवर ठेवून नुसते बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "भाभी, माझा एक फोटो काढा. गाडीबरोबर." मी काढला. त्यांनी तो उन्हात हात आडवा धरून पुन्हा पुन्हा बघितला.

मी कडेला जाऊन खाली पाहिलं. खुर्ची रिकामी होती. दिनकर तिच्यापासून पुढे, वाटेत चालत आले होते, काठी वर करून उभे.

जीप खाली आणून त्यांच्याजवळ गेले तेव्हा मला वाटलं, त्यांचे डोळे भरून आलेत. पण त्यांचा चेहरा वेगळाच होता, लहान मुलाला नवं काही दिसल्यावर होतो तसा. "पायरी चढताना मागचं डावं चाक हवेत जातं, तुला ठाऊक आहे?" ते म्हणाले. "इतकं वर उचललं जातं. मग टेकतं. मला कधी कळलंच नव्हतं."

"तुम्ही तर आयुष्यभर जीप चालवलीत."

"आत बसून चालवली. बाहेरून कधी बघितली?" त्यांनी खुर्चीकडे वळताना काठीने वाट दाखवली. "जा. आणखी एकदा चढव. या वेळी उजवीकडून घे."

मी आणखी दोनदा चढवली. शेवटच्या वेळी इक्बालभाईसुद्धा खाली राहिले, आणि ते दोघं मोठ्याने बोलत माझ्याकडे हातवारे करत होते. काय बोलत होते ते मला वर ऐकू येत नव्हतं.

परत

दुपारी गॅरेजमध्ये दिनकरांनी स्वतःच सांगितलं. "इक्बालभाई, चार मला झेपत नाहीत. मला झटका आला होता. गाडी आता ही चालवते, मी शेजारी बसतो. दोनवर आणा. टायरही छोटे घाला, म्हणजे गाडी नियमात बसेल."

इक्बालभाईंनी मान हलवली. "फोनवर बोलला असतात तर मी चारचं नावच घेतलं नसतं, साहेब."

"म्हणूनच बोललो नाही."

इक्बालभाई पाना उचलून जीपखाली गेले. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "माझे पण गुडघे गेलेत. मी तरी कुठं बोललो?"

संध्याकाळपर्यंत ठोकळे निघाले. शिवाय डाव्या दाराखाली त्यांनी एक जाड पाइप वाकवून पायरी जोडली होती. ती आम्ही मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला आणि जीप न्यायला आम्ही गॅरेजवर गेलो तेव्हा दिनकर रिक्षातून उतरून जीपच्या दाराशी गेले. पायरीवर बूड टेकलं, दम घेतला, उजव्या हाताने कड धरून अंग वर ओढलं, मग सीटवर, मग एकेक पाय आत. खूप वेळ लागला. इक्बालभाई तेवढा वेळ एक पाना शोधत होते, जो त्यांच्या हातातच होता. रुखसानाभाभींनी रोट्यांची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली आणि मागे न बघता घरात गेल्या.

घाट चढून वर आल्यावर आम्ही चहाला थांबलो. थंडी पुन्हा भेटली. दिनकर जीपमध्येच बसून राहिले, टपरीवाला चहा तिथे घेऊन आला. मोटारसायकलवर फिरणारी दोन कॉलेजातली मुलं जीपभोवती घोटाळत होती. त्यातला एक दिनकरांच्या बाजूला आला. "काका, कसली भारी गाडी आहे! कुठे कुठे चढवलीत हिला?"

दिनकरांनी चहाचा घोट घेतला आणि ग्लासाने माझ्याकडे खूण केली.

"यांना विचारा," ते म्हणाले. "मी नुसता बघायला होतो."